चार जणं दिल्लीला हलवू शकतात का?

प्रश्न : बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे. आमच्या रामबागेत अजून तीन-चार पेशंट आहेत, रिसर्चला सरकारने पैसा द्यावा म्हणून आम्ही काही करू शकतो का, की उगीच? – एक वाचक, इंदूर

उत्तर : उगीच कशाला हो! अमेरिकेत पेशंट स्वतः थरथरत्या हातांनी खासदारांना भेटत राहिले तेव्हा कुठे १९९७ मध्ये उडॉल कायदा झाला न् रिसर्चला पैसा मंजूर झाला. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहेच, तोच धागा पकडा. आधी दहा रुपयांची आरटीआय टाका, आयसीएमआरने (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) यावर किती खर्च केला विचारा, मग तो आकडा घेऊन खासदारांकडे जा, संसदेत प्रश्न विचारा म्हणावं. बाबांना न्याच सोबत, फक्त गोळीचा असर असेल, हातपाय नीट चालत असतील ती वेळ गाठा, नाहीतर नुसतं ताटकळणं व्हायचं.