डेंग्यू रुग्णांची यादी एक्सेलमध्ये आहे. क्यूजीआयएसमध्ये गावनिहाय नकाशा कसा करायचा?

जिल्ह्यातला प्रादुर्भाव प्रबंधात दाखवायला क्यूजीआयएस (नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर) आणि जिओडा (नकाशावरच्या आकडेवारीचं विश्लेषण करणारं) पुरेसे आहेत. दोन्ही फुकट आणि मुक्तस्रोत. नकाशा रंगवणं सोपं. खरा वेळ खाते ती यादी आणि गावांच्या सीमांची जुळणी.

गावाच्या नावावरून जोडणी करू नका. 'वडगाव बु.', 'वडगाव बुद्रुक' आणि नुसतं 'वडगाव' ही संगणकाला तीन गावं वाटतात. प्रत्येक ओळीत २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गावकोड भरा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. मग एक्सेलमध्येच पिव्होट टेबल करून गावागणिक एकच ओळ ठेवा. एका कोडच्या पाच ओळी असल्या तर क्यूजीआयएसची जोडणी त्यातली एकच उचलते आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन करा, नाहीतर देवनागरीचा चुथडा होतो.

जोडणी सीमांच्या थराच्या (लेयरच्या) प्रॉपर्टीजमधल्या 'जॉइन्स'मध्ये होते. सगळीकडे 'नल' (रिकामी नोंद) आलं, तर एका बाजूचा कोड मजकूर आणि दुसरीकडचा आकडा आहे का ते आधी बघा. रुग्ण नसलेल्या गावांनाही 'नल'च येतं. ती नकाशातून गायब होतात, म्हणून 'कोअलेस' हे रिकाम्या जागा भरणारं फंक्शन वापरून तिथे शून्य भरा. नंतर थर जिओपॅकेज या फाइलप्रकारात एक्सपोर्ट करा. शेपफाइल हा दुसरा प्रकार रकान्यांची नावं दहा अक्षरांवर छाटते.

नुसती रुग्णसंख्या रंगवलीत तर लोकसंख्येचाच नकाशा तयार होईल. दर काढा: रुग्ण गुणिले १०,००० भागिले लोकसंख्या. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये रकाना दशांशाचा निवडा. पूर्णांक ठेवलात तर दशांश उडतात. आता पुढची गोम. २०० वस्तीच्या पाड्यावर एक रुग्ण सापडला की दर थेट ५० होतो आणि तो पाडा नकाशावर लालभडक दिसतो. असे दर जिओडातल्या 'एम्पिरिकल बेझ'ने (छोट्या गावांचे टोकाचे दर सरासरीकडे ओढणारी पद्धत) सावरून घ्या. जास्त दराच्या गावांचे समूह खरे आहेत की योगायोग, हे त्यानंतर स्थानिक मोरान चाचणीने (गावाचा दर शेजारच्या गावांशी ताडून पाहणारी) तपासा.

आरोग्य केंद्राभोवती ५ किमीचं वर्तुळ काढायचं असेल तर आधी थर यूटीएममध्ये (अंतर मीटरमध्ये मोजणारी नकाशाप्रणाली) आणा: पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरसाठी (पूर्वीचं औरंगाबाद) ईपीएसजी ३२६४३ (प्रणालीचा क्रमांक), नागपूर-गडचिरोलीकडे ३२६४४. अक्षांश-रेखांशात ठेवून '५' टाकलंत तर ते ५ अंश होतात, म्हणजे साधारण ५५० किमी. शिवाय घाट किंवा नदी आडवी असली की वर्तुळ फसवं ठरतं. तिथे ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते घेऊन क्यूजीआयएसचं नेटवर्क ॲनालिसिस (रस्त्यावरून अंतर मोजणारं साधन) वापरा.

जिल्हा पालघर असेल तर सांभाळून: तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या सीमांमध्ये तो सापडणार नाही. आजच्या पालघरचे तालुके तेव्हाच्या ठाण्यातून निवडून घ्या.

घरांचे बिंदू प्रबंधात छापू नका, गावपातळीच ठेवा. आणि डेंग्यू पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो, त्यामुळे यादीतला पत्ता आणि लागण झालेली जागा वेगळी असू शकते. हे मर्यादांच्या परिच्छेदात लिहाच, परीक्षक विचारतात.