जैवऊर्जेत संशोधन करायचंय? आधी बाटलीतला मिथेन नीट मोजा

कृषी अभियांत्रिकीची पदवी झाली, आता शेतातल्या काडीकचऱ्यापासून ऊर्जा या विषयात शास्त्रज्ञ व्हायचंय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. एम.टेक.ला नव्या डायजेस्टरचं (काडीकचरा कुजवून गॅस करणाऱ्या बंद टाकीचं) डिझाइन हा विषय घेऊ नका. साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) घ्या आणि त्यातून मिथेन किती निघतो ते चोख मोजा. डायजेस्टर केवढा बांधायचा आणि मालाला काय दर परवडेल, हे दोन्ही त्याच आकड्यावर ठरतं. (प्रेसमडला मळीही म्हणतात, पण नोंदवहीत ‘मळी’ लिहू नका, कुणी मोलॅसिस समजतं.)

चालू गोबरगॅसची स्लरी आणून गाळा आणि ३७ अंशांना पाच-सात दिवस उपाशी ठेवा, म्हणजे तिचा स्वतःचा गॅस उतरतो. स्लरी आणि प्रेसमड दोन्हींचे एकूण घन पदार्थ १०५ अंशांना वाळवून आणि त्यातला सेंद्रिय भाग ५५० अंशांना जाळून मोजा. ५०० मिलीच्या बाटलीत या सेंद्रिय भागाच्या हिशेबाने स्लरी दोन भाग, प्रेसमड एक भाग. वरची हवा नायट्रोजनने हाकला. अशा तीन बाटल्या, शिवाय तीन नुसत्या स्लरीच्या आणि तीन शुद्ध सेल्युलोजच्या. नुसत्या स्लरीचा गॅस वजा करून सेल्युलोजमधून ग्रॅममागे साधारण ३५० मिली मिथेन यायला हवा (कागदावरच्या हिशेबाने ४१५ येतो). फारच कमी आला तर स्लरी मरगळलेली आहे किंवा बाटली गळतेय. प्रेसमडचे आकडेही बाद धरा. रोजचा गॅस सलग तीन दिवस एकूण गॅसच्या १ टक्क्याखाली गेला की थांबा.

सर्वांत जास्त चुका गॅसच्या आकारमानात होतात. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी. ३० अंशांना मोजलेला १०० मिली ओला गॅस शून्य अंश आणि प्रमाण दाबाला, वाफ वगळून, जेमतेम ८० मिली भरतो. ही दुरुस्ती न करता दिलेला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेशी जुळणारच नाही.

दुसरी चूक नमुन्याची. उघड्या ढिगात प्रेसमड तापतो, सेंद्रिय भाग जळत जातो. नमुना किती दिवसांचा ते लिहा, लगेच गोठवा. सल्फिटेशनच्या (रस गंधकाच्या धुराने साफ करणाऱ्या) कारखान्याचा असेल तर हायड्रोजन सल्फाइडही मोजा.

चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे जमिनीतून घेतलेलं जमिनीला परत जातं असा, दावा करायचा असेल तर नत्राचा ताळेबंद मांडाच. गॅसबरोबर मुख्यतः कार्बन जातो, नत्र-स्फुरद-पालाश स्लरीत राहतं. पण बाहेर पडलेली स्लरी उघड्या टाकीत ठेवली तर अमोनिया उडतो. पाचटावर तर आधीच जमिनीचा हक्क आहे. सगळं उचलून ऊर्जेला लावणं मला पटत नाही.

पुण्याची आघारकर संशोधन संस्था, फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, राहुरी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठं, कपूरथळ्याची राष्ट्रीय जैवऊर्जा संस्था, इथे चौकशी करा. गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं. ताजा नमुना हवा तर स्लरी आणि सेल्युलोजची चाचणी दिवाळीआधीच उरकलेली असू द्या.