न घेतलेलं कर्ज सिबिल रिपोर्टवर दिसत असेल तर कायद्याने काय करता येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गृहकर्जाची फाइल परत आली, कारण सिबिलवर 38,000 रुपयांचं थकीत कर्ज दिसतंय. ते तुम्ही घेतलेलंच नाही. सिबिलकडे ऑनलाइन तक्रार केली, तर 'संबंधित संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे' एवढंच उत्तर आलं. आता वसुलीवाला म्हणतोय, रक्कम फार नाही, भरून टाका आणि मोकळे व्हा.

भरू नका. एक हप्ताही नाही. पैसे भरलेत की उद्या हीच मंडळी म्हणणार, कर्ज यांचं नव्हतं तर भरलं कशाला? शिवाय तडजोडीत मिटवलंत तर त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा बसतो. मी बँकेच्या कर्ज विभागात काम केलंय. गृहकर्ज मंजूर करणाऱ्याला तो शेरा थकबाकीइतकाच खुपतो.

सिबिलने हात वर केले याचा राग येणं साहजिक आहे, पण मेख कायद्यातच आहे. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) ॲक्ट, 2005 च्या कलम 21 ने तुम्हाला आपला रिपोर्ट मागण्याचा आणि त्यातली चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिलाय, त्यासाठी 30 दिवसांची मुदतही घालून दिलीय. मात्र ज्या बँकेने किंवा एनबीएफसीने (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपनीने) माहिती पुरवली तिने दुरुस्तीला दुजोरा दिल्याशिवाय ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, नोंद बदलता येत नाही. त्यामुळे तुमचं खरं भांडण कर्ज देणाऱ्या कंपनीशी आहे. ब्युरोकडे तक्रार करायचीच, पण सगळा जोर तिथे लावून उपयोग नाही.

आधी रिपोर्ट नीट वाचा. स्कोअरचा आकडा नव्हे, पूर्ण रिपोर्ट. भारतात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क असे चार ब्युरो आहेत आणि 2017 पासून प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा, कारण एकाकडे न दिसणारं खातं दुसऱ्याकडे असू शकतं. मग त्या खात्याच्या ओळीत 'ओनरशिप' पुढे काय लिहिलंय ते पाहा. तिथे 'गॅरंटर' (जामीनदार) असेल तर मामला वेगळा. आपल्याकडे मेव्हण्याच्या ट्रॅक्टरसाठी किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्यासाठी सही करून विसरून जाणारे कमी नाहीत. ते कर्ज तुमच्या नावावर दिसणारच. ती चूकही नाही आणि फसवणूकही नाही.

'इंडिव्हिज्युअल', म्हणजे कर्ज तुमच्या एकट्याच्या नावावर, असेल तर वैयक्तिक माहितीच्या पानावर जा. तिथे सगळे पत्ते आणि मोबाइल नंबर असतात. तुम्ही कधी राहिला नाहीत त्या गावचा पत्ता किंवा अनोळखी नंबर कर्जाच्या तारखेच्या आसपास नोंदलेला असेल तर कोणीतरी तुमचं पॅन वापरलं असावं. पत्ता अनोळखी पण आडनाव, नाव आणि जन्मसाल जुळणारं असेल तर दोन माणसांची खाती एकत्र झाल्याची शक्यता जास्त. पाटील-जाधवांच्या बाबतीत हे होतं. 'एन्क्वायरी' या भागात कोणत्या कंपनीने कधी तुमचा रिपोर्ट उघडला हेही दिसतं. फसवणुकीच्या कर्जाआधी तिथे बहुतेक वेळा एक-दोन नोंदी सापडतात.

आता पत्र. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा. पोच जपून ठेवा. 'माझं नाव काढा' एवढंच लिहू नका, कागद मागा: अर्ज, केवायसीची प्रत आणि फोटो, करारावरची सही किंवा ई-साइनची नोंद, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, आणि सर्वांत महत्त्वाचं, पैसे कोणत्या खात्यात जमा झाले. बहुतेक प्रकरणं या शेवटच्या प्रश्नाशी येऊन अडतात. ॲपवरून दिलेलं कर्ज थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे (मोबाइल-फ्रिजच्या हप्त्यांसारखी, दुकानदाराला थेट जाणारी रक्कम याला अपवाद). खातं तुमचं नसेल तर गोत्यात तुम्ही नाही, कंपनी आहे. दुकानातून घेतलेल्या वस्तूचं कर्ज असेल तर बिल आणि वस्तू कोणाच्या हाती दिली त्याची नोंद मागा. मोबाइल असेल तर आयएमईआय नंबरही.

पत्रात रिझर्व्ह बँकेच्या भरपाईच्या नियमाचा (तो 26 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाने आला) उल्लेख जरूर करा. तक्रार केल्यापासून 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायची आहे. त्यातले 21 दिवस कर्ज देणाऱ्याचे. त्याने उशीर केला तर भरपाई त्याच्याकडून. त्याने वेळेत कळवूनही ब्युरो झोपला तर ब्युरोकडून. तक्रार फेटाळली तर कारण लेखी द्यावं लागतं. शंभर रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण असं मीटर सुरू झालं की फाइल वरच्या टेबलावर जाते. 'माझा स्कोअर इतका कमी का' असल्या तक्रारीला मात्र ही भरपाई नाही.

पोलिसांकडे जाणं टाळू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबरक्राइम पोर्टलवर नोंद करा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी ॲक्टच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे. ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' ऐकायला मिळेल. नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. नाहीच घेतली तर पोलिस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवायची सोय त्याच कलमात आहे. तक्रारीची प्रत कंपनीच्या पत्राला जोडली की उत्तराची भाषा बदलते.

कंपनीने नकार दिला किंवा 30 दिवस गप्प राहिली तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. सप्टेंबर 2022 पासून ब्युरोही त्यांच्या कक्षेत आलेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सीएमएस' या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर होते, फी नाही, वकील लागत नाही. फक्त आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा हवा, म्हणून ती पोच.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येतं, मुदत दोन वर्षांची. तिथे कंपनीचा वकील म्हणू शकतो की हे आमचे ग्राहकच नव्हेत. म्हणू द्या. ग्राहक नाहीत तर कर्ज कोणाचं, हाच तर तुमचा प्रश्न आहे.

'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पॅन-आधार देऊ नका. तो जे करणार ते तुम्ही फुकटात करू शकता. आणि गृहकर्जासाठी आत्ताच आणखी चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी रिपोर्टवर चढते. ज्या बँकेत फाइल अडकली आहे तिथल्या मॅनेजरना तक्रारीची, पोचेची आणि पोलिसांकडच्या नोंदीची प्रत द्या आणि फाइल बंद न करता थांबवून ठेवायची लेखी विनंती करा. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना ब्युरोकडे निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे कंपनीने एकदा मान्य केलं की नोंद बदलायला पूर्वीसारखा महिना-दीड महिना जाऊ नये. दुरुस्ती झाल्याचं कळलं की चारही रिपोर्ट पुन्हा काढून पाहा.