शेवटचे अठरा दिवस

“डोळे मिटले की नळ्या लावलेले बाबाच दिसतात. मॅडम, बाकीचे बाबा गेले कुठे?”

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंनी खुर्चीत नीट बसायच्या आतच हे विचारलं. दीर्घ आजारात आई-वडील गेलेली माणसं थोड्याफार फरकाने हेच विचारतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. पक्षाघाताचा झटका, मग अठरा दिवस आयसीयू. सुट्टीवर घरी आले तरी पहाटे दाढी केल्याशिवाय चहाला न बसणारा माणूस. त्यांच्या गालांवर पांढरे खुंट वाढले होते. लेकीने रेझर नेला होता, पण नर्सने नंतर बघू म्हटलं आणि तो पर्समध्येच राहिला. “भांडायला हवं होतं मी,” एवढं बोलून त्या गप्प झाल्या. घरात सगळे म्हणत, फौजीची मुलगी तू, रडतेस काय! या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

पहिल्या भेटीत मीच चुकले. म्हटलं, बाबांविषयी सांगा. त्या म्हणाल्या, “शिस्तप्रिय, निर्व्यसनी, देशभक्त.” शोकसभेतलं भाषणच ते. त्यात बाबा कुठेच नव्हते.

भीतीने कोरलेली ताजी दृश्यं न बोलावता येतात, आणि ढकलावीत तेवढी जोराने परततात. जुन्या आठवणी पुसलेल्या नसतात, पण त्यांना निमित्त लागतं, एखादी वस्तू, वास, कुणाचा तरी आवाज. म्हणून पुढच्या वेळी मी विचारलं, घरात त्यांचं असं काय आहे जे कुणी उघडलेलं नाही?

माळ्यावर काळी ट्रंक होती, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली. तिच्यात निळ्या आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. बाबा फील्डवर असताना आई आणि या पुण्यात राहायच्या. बाबांना पत्र पाठवायचं तर पत्ता म्हणजे नाव, पलटण आणि ‘द्वारा 99 एपीओ’, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय; गावाचं नाव कधीच नाही. ईशान्येत कुठेतरी, एवढंच ठाऊक. बाबांच्या प्रत्येक पत्रात घडीच्या पट्टीवर लेकीसाठी एक गणित असायचं. घाईने फाडलं तर आकडे तुटायचे, म्हणून त्या फूटपट्टीने हळूच कडा सोडवायला शिकल्या होत्या. हे सांगताना त्यांची बोटं हवेत तशीच हलली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या मोकळेपणी रडल्या.

मग मी त्यांना बाबांच्या पलटणीतल्या कुणाला तरी फोन करायला सांगितलं. मुलांनी पाहिलेला बाप अर्धाच असतो, फौजीच्या घरात तर त्याहूनही कमी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले एक निवृत्त सुभेदार सापडले. ते म्हणाले, “ताई, डाक आली की साहेब आधी तुमचं उत्तर तपासायचे. चुकलं असलं की खूश! म्हणायचे, आता समजावून लिहायला चार ओळी जास्त.”

त्यांना वाटत आलं होतं, चुकलं की बाबा नाराज होत असतील.

ही अवस्था आजार आहे का, असंही त्यांनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात प्रदीर्घ शोकविकाराच्या निदानासाठी किमान 6 महिने उलटावे लागतात, शिवाय रोजचं जगणं कोलमडलेलं असावं लागतं. यांची नोकरी, झोप, जेवण चालू होतं. तसं नसतं, किंवा जगणंच नको वाटत असतं, तर मी महिने न मोजता लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

सहाव्या भेटीत मी विचारलं, अजून दिसतात तसे?

“दिसतात. नळ्या असतातच.” मग थोडं हसून म्हणाल्या, “पण परवा दिसले ना, तेव्हा दाढी केलेली होती.”