वाचकांचे प्रश्न: नाताळच्या भेटीसाठी पेरूची आणि द्राक्षाची जेली

प्रश्न: नाताळच्या फराळासोबत यंदा पेरूच्या जेलीची एकेक बाटली द्यायची आहे. पहिल्या वेळी ती पाकासारखी पातळ राहिली. दुसऱ्या वेळी कृतीत लिहिल्याप्रमाणे थर्मामीटरवर १०५ अंश होईपर्यंत आटवली, तर चिवट झाली. काय चुकलं? (गंगापूर रोड)

उत्तर: आधी दुसऱ्या वेळचं, कारण ही चूक नाशिकमध्ये अगदी सहज होते. १०५ हा आकडा समुद्रकाठचा, जिथे पाणी १०० अंशांना उकळतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. जेली तयार होते ती उकळत्या पाण्याच्या पाच अंश वर, म्हणजे आपल्याकडे १०३ ला. वरच्या दोन अंशांत बरंच पाणी उडतं, जेली चिवट होते आणि पुढे तिच्यात साखरेचे कण धरतात. थर्मामीटर आधी नुसत्या उकळत्या पाण्यात धरा आणि येईल त्या आकड्यात पाच मिळवा. थर्मामीटर थोडा कमी-जास्त दाखवत असला तरी हा हिशेब चुकत नाही.

पातळ राहण्याचं कारण बहुधा पेरूच. घरभर वास सुटेल इतक्या पिकलेल्या पेरूत जेली धरण्याइतकं पेक्टिन (फळातला, जेली घट्ट धरून ठेवणारा घटक) उरत नाही. दोन भाग करकरीत, नुकते पिवळे पडू लागलेले पेरू घ्या आणि वासापुरता एक भाग पिकलेले. दोन किलो पेरूंच्या सालीबियांसकट चकत्या करा. त्या बुडतील एवढं पाणी (साधारण दोन लिटर) आणि ४ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून अर्धा तास मंद शिजवा. मग ओल्या मलमलीत बांधून रात्रभर टांगा. पुरचुंडी पिळायचा मोह आवरा. पिळली की गर उतरतो आणि जेली गढूळ होते. पेरूची जेली उजेडात धरली की माणकासारखी दिसली पाहिजे, भेट द्यायची असेल तर नक्कीच.

साखर किती घालायची ते रसच सांगतो. एक चमचा गार रसात दोन चमचे सर्जिकल स्पिरिट घालून हलकेच हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. एकसंध गोळा झाला तर लिटरभर रसाला ७५० ग्रॅम साखर, दोन-तीन तुकडे झाले तर ६०० ग्रॅम. नुसते बारीक कण दिसले तर साखर घालूच नका, रस आधी आटवून पुन्हा तपासा. हा नमुना चाखायचा नाही, फेकून द्यायचा.

एका वेळी एकच लिटर रस, पसरट पातेलं आणि मोठी आच. साखर विरघळल्यावर १५-२० मिनिटांत काम उरकलं पाहिजे. मंद आचेवर तासभर ठेवलं तर पेक्टिन तुटतं, मग कितीही आटवा, पाकच राहतो. चमचा तिरका धरल्यावर शेवटचे दोन थेंब एकमेकांत मिसळून पापुद्र्यासारखे घसरले की गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर वजन करा: लिटरभर रस आणि ७५० ग्रॅम साखरेची जेली ११०० ते ११५० ग्रॅम भरते. पातेल्याचं वजन आधीच लिहून ठेवा.

पहिली पातळ जेली दोन दिवस तशीच ठेवून बघा, काही वेळा उशिरा धरते. नाहीच धरली तर चार वाट्यांना एक वाटी करकरीत पेरूंचा ताजा रस आणि एका लिंबाचा रस घालून पुन्हा खुणेपर्यंत उकळा. चिवट झालेली बाटलीत भरू नका. थोडं पाणी घालून कोमट करा आणि केकवर ब्रशने लावा, छान चमक येते.

प्रश्न: काळ्या द्राक्षांच्या जेलीत काचेसारखे टोकदार कण झाले. साखर जास्त झाली का? (सटाणा)

उत्तर: एखादा कण गरम पाण्यात टाका. लगेच विरघळून गोड लागला तर साखर. तुम्ही टोकदार म्हणता, म्हणजे बहुधा द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा क्षार आहे. वाइनच्या बाटलीच्या तळाशी दिसतो तोच, आणि तो अपायकारक नाही. पण दाताखाली कचकचतो. गाळलेला रस रात्रभर, शक्यतो दोन रात्री, फ्रिजमध्ये ठेवा. क्षार तळाशी बसला की वरचा रस अलगद ओतून घ्या आणि मगच साखर घाला. बागलाणातली लवकरच्या हंगामाची द्राक्षं डिसेंबरात मिळतात, पण द्राक्षाचं पेक्टिन बेताचंच. तीन वाट्या रसाला एक वाटी पेरूचा रस आणि एक लिंबू घातलंत तर जेली हमखास धरेल. रंग काळ्या द्राक्षाचाच राहतो.

प्रश्न: गेल्या वर्षी दोन बाटल्यांवर बुरशी आली आणि एक भरतानाच तडकली. (नाशिकरोड)

उत्तर: बाटल्या १५ मिनिटं पाण्यात उकळून उपड्या घालून कोरड्या करा आणि गरम असतानाच भरा. डिसेंबरात कडाप्प्याचा ओटा बर्फासारखा गार असतो. त्यावर गरम बाटली ठेवली की तळ तडकतो, म्हणून खाली लाकडी पाट किंवा वर्तमानपत्राची घडी ठेवा. जेली उकळती ओता, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा सोडा आणि झाकण ताबडतोब घट्ट लावा. गार झाल्यावर लावलं तर तेवढ्यात बुरशीचे बीजाणू आत पडतात. लोणच्याची जुनी झाकणं वापरू नका: वास जात नाही, आतलं अस्तरही झिजलेलं असतं. जेली धरेपर्यंत बाटली हलवू नका. बुरशी आलेली बाटली वरचा थर काढून वापरायची नसते, पूर्ण टाकून द्या.

प्रश्न: साखर निम्मी केली तर चालेल का? (पंचवटी)

उत्तर: जेलीला नाही. साखर इथे गोडीपुरती नसते. तिच्यामुळेच जेली धरते आणि टिकते. कमी साखरेचं हवं असेल तर पेरूचा गर शिजवून घट्ट करा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा आणि बाटलीवर तसं ठळक लिहून द्या.