आर्क्टिक मंकीज अरीनात गेले आणि संथ झाले, ते का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. वीस हजार माणसांच्या अरीनात, म्हणजे भल्यामोठ्या बंदिस्त हॉलमध्ये, वाजवणाऱ्या आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडला अजून 'इंडी' का म्हणतात, आणि सुरुवातीला सुसाट असलेली त्यांची गाणी पुढे इतकी संथ का झाली?

पहिल्याचं उत्तर लहान आहे. 'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. ते हॉलच्या आकारावरून ठरत नाही, रेकॉर्ड कोण काढतं त्यावरून ठरतं. 2005 मध्ये त्यांनी डोमिनो या स्वतंत्र कंपनीशी करार केला आणि 2022 चा 'द कार'सुद्धा तिथूनच आला. बाकी नुसती शैली म्हणून हा शब्द आता कोणालाही चिकटवतात, ते सोडा.

दुसऱ्या प्रश्नात मला जास्त रस आहे. मी बडोद्याचा, गरब्याला आणि लग्नांना साउंड लावणं हा माझा धंदा. सप्टेंबर 2018 मध्ये लंडनला मावसभावाकडे गेलो होतो, त्यानं ओ-टू अरीनाचं तिकीट काढून ठेवलेलं. बँड मला फारसा ठाऊक नव्हता. खरं सांगायचं तर मी छताला टांगलेले स्पीकर बघायला गेलो होतो! जागा पार वरच्या मजल्यावर, चढण इतकी उभी की पुढच्याच्या डोक्यावर गुडघा टेकतो की काय असं वाटावं.

तिथून एक गंमत दिसते. ड्रमवाल्याची काठी खाली येते आणि ठोका जरा मागाहून ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ 0.3 सेकंद. आता 'ब्रायनस्टॉर्म' हे त्यांचं सुसाट गाणं घ्या. मिनिटाला 165 च्या आसपास ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम 0.36 सेकंद. एक ठोका भिंतीवर आपटून परत येईतो दुसरा पडलेला असतो. गायक ॲलेक्स टर्नरचे शब्द आधीच भराभर, वर ते एकमेकांत कालवले गेले. मग 'डू आय वॉना नो' लागलं, मिनिटाला 85 ठोके. दोन ठोक्यांमध्ये 0.7 सेकंदांची मोकळी जागा, त्या जागेत हॉलचा घुमारा विरतो, आणि वरच्या मजल्यावरची माणसंही बरोब्बर समेवर टाळी देतात. मोठ्या सभेत गवई एकदम द्रुत तानेला हात घालत नाही, तसंच हे.

हा धडा मी घरीच शिकलो होतो, आणि चांगलाच महागात. धंद्यातल्या पहिल्याच नवरात्रीत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जादा स्पीकर लावले, पण त्यांना डिले द्यायचा विसरलो, म्हणजे मुख्य स्पीकरचा आवाज तिथवर पोचेपर्यंत त्यांचा आवाज जरा थांबवून ठेवायचं राहिलं. मधल्या पट्ट्यातल्या लोकांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत होता. हींच, म्हणजे गरब्याचा ताल, जलद झाली तसं वर्तुळच फाटलं, निम्मे खेळैये एका पावलावर, निम्मे दुसऱ्या. शेवटी गायकानं माइकवरूनच मला झापलं.

या पोरांचा प्रवास बघा. शेफील्डजवळच्या हाय ग्रीनची शाळकरी मुलं. 2001 च्या नाताळात टर्नर आणि शेजारचा जेमी कुक, दोघांना गिटारी मिळाल्या. जून 2003 मध्ये द ग्रेप्स नावाच्या पबमध्ये पहिला कार्यक्रम. कार्यक्रमात डेमो सीडी फुकट वाटायचे, ऐकणाऱ्यांनी त्या इंटरनेटवर चढवल्या आणि गाणी यांच्या आधी गावोगाव पोचली. जानेवारी 2006 मध्ये पहिला अल्बम आला, पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये 3,63,735 प्रती खपल्या. ती गाणी पबसाठी बेतलेली होती. छत ठेंगणं, माणसं अंगाला अंग लावून उभी, घुमारा शून्य. अशा ठिकाणी जितकं जलद तितकं छान. जुलै 2007 मध्ये मात्र ते मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड क्रिकेट मैदानावर उभे होते. सचिननं 1990 मध्ये पहिलं कसोटी शतक ठोकलं तेच मैदान.

आणि 2009 चा अल्बम जड, सावकाश. त्याचं सगळं श्रेय मोठ्या जागांना देणं बरोबर नाही. जॉश होमी या अमेरिकन रॉक गिटारवाल्याबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन रेकॉर्डिंग केलं, त्याचाही हात आहेच, शिवाय पोरं विशीत आली होती. पण 'डू आय वॉना नो' ज्यात आहे त्या 2013 च्या 'एएम' अल्बममधला तो हत्तीसारखा ठोका दूरवर ऐकू जावा म्हणूनच घडवलाय, असं माझं साउंडवाल्याचं ठाम मत आहे.

लाइव्ह ऐकायचं असेल तर 7 जून 2018 चं रॉयल अल्बर्ट हॉलचं ध्वनिमुद्रण घ्या. त्या घुमटाचा प्रतिध्वनी इतका बदनाम होता की 1969 मध्ये छताला फायबरग्लासच्या तबकड्या टांगाव्या लागल्या. हेडफोन नको. स्पीकरवर लावा, आवाज वाढवा आणि जिन्यात जाऊन उभे राहा. कुठलं गाणं जिन्यापर्यंत सुटं पोचतं आणि कुठल्याचा काला होतो ते लगेच कळेल. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.