बालपोटविकारात संशोधन करायचंय? आधी एवढं करा

एमडीनंतर बालपोटविकारात डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी) आणि सोबत संशोधनही, हा तुमचा विचार फार आवडला. लखनौच्या एसजीपीजीआय (संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्था) सारख्या संस्थांचा विचार जरूर करा.

- प्रश्न वॉर्डातून उचला. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या मुलांचा आहार वर्षानुवर्षं नोंदवला, म्हणून गव्हाचा दोष सापडला. 1950 चा त्यांचा प्रबंध त्यावरच आहे.
- एकच आजार धरा. नवखे पाच विषयांवर केस रिपोर्ट लिहीत सुटतात.
- नोंदी त्याच दिवशी करा. कावीळ झालेल्या बाळाच्या शीचा रंगसुद्धा लिहा. बिलिअरी अ‍ॅट्रेसियात (पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बंद असतात, म्हणून शी फिकट होते) कसाई शस्त्रक्रिया (जपानी सर्जन मोरिओ कसाई यांच्या नावाची, पित्ताला वाट करून देणारी) शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हावी लागते.

जनुकं, मायक्रोबायोम (आतड्यातले सूक्ष्मजीव) असे विषय सध्या राहू द्या. मार्गदर्शक ठरवण्याआधी मात्र त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी नक्की बोला.